लेकीच्या नावाची प्रजाती

यंदाची नवी प्रजाती मीच शोधणार, असं मी प्रयोगशाळेत छातीठोकपणे सांगून टाकलं! आम्ही डायटम शोधतो. म्हणजे गोड्या पाण्यातली, काचेच्या कवचाची, सूक्ष्मदर्शकाशिवाय न दिसणारी शैवालं. मी बाळंतपणाच्या रजेवर असताना शेजारच्या टेबलावरच्या टाचणीने (नाव मीच ठेवलंय, मनातल्या मनात!) दोन नव्या प्रजाती शोधल्या. मी लंगोट वाळत घालतेय आणि ही बया अमर होतेय!

ओढ्यातल्या दगडावरचा बुळबुळीत थर ब्रशने खरवडून आणायचा, एवढंच काम. पण निघताना लेकीने भोकाड पसरलं, कोरा ब्रश सापडेना. बेसिनवरचा एक जुना उचलला नि सुटले.

ओढ्यावरून घरी फोन. "उठली का हो? अंग गरम नाही ना?"

"अगं, तू गेल्यापासून शांत झोपलीय!" सासूबाई म्हणाल्या. लागलंच मला ते.

नमुना आम्लात उकळून धुतला, भिंगाखाली धरला आणि किंचाळलेच! गोल, जाळीदार, नक्षीच्या तबकड्याच जणू! लगेच लेकीचं नाव देऊन टाकलं, नवऱ्याला कळवलं, सरांना बोलावलं. टाचणी आधीच भिंगाला डोळा लावून बसलेली.

"अगं, हे समुद्रातले. तेही लाखो वर्षांपूर्वी मेलेले! ब्रश कुठला घेतलास?"

पुन्हा घरी फोन. सासूबाई कडाडल्या, "माझा कवळीचा ब्रश तू नेलास होय? बोटाने पावडर घासतेय मी!"

त्या कवळीच्या पावडरीत घासून निघावं म्हणून असलीच जुनी कवचं घातलेली होती. सर चष्मा पुसू लागले. हसू दाबायला, दुसरं काय!

टाचणी मात्र भिंग सोडेना. "कोपऱ्यातली ही बारकी कोण? ही ओढ्यातलीच. आणि नवी दिसतेय!"

तिला मी कचरा समजले होते!

टाचणी कोरा ब्रश घेऊन ओढ्यावर गेली, तीच प्रजाती पुन्हा शोधून आणली, वर्णन छापलं. वर सगळ्यांदेखत म्हणाली, "ओढा तू निवडलास, म्हणून नाव तुझं दिलंय हं!"

टाळ्या पडल्या. माझे डोळे भरून आले. आनंदाने नव्हे हो! आमच्यात प्रजातीच्या नावापुढे वर्णन करणाऱ्याचं आडनाव लिहायची रीत आहे. आता जगबुडी होईपर्यंत माझं नाव जिथे छापून येईल, तिथे पाठोपाठ ही उभी!

नवरा म्हणाला, "लग्नात माझं आडनाव लावायला नको म्हणालीस. तिचं बरं लावलंस!"