अमावास्येनंतर थरथरणारी फियाट

“सामान्य माणूस बघतो आणि सोडून देतो. मी बघतो आणि सोडत नाही,” असं आमचे हे स्वतःबद्दल सांगतात. नाव महिपती, नोकरी पिंपळीच्या दूध संकलन केंद्रावर आणि जन्म गुन्ह्यांच्या शोधासाठी. दुधात पाणी कुणी घातलं हे ते माणसाच्या चपलेवरून ओळखतात. एकदा ते बरोबरही निघालं होतं. या थोर गुप्तहेराची मदतनीस मी, राजेश्वरी. मदतनिसाचं काम सोपं: कडेवर आठ महिन्यांची छकुली घेऊन मान डोलावणं.

शहाण्णव साली यांच्याकडं सर्वांत मोठी केस आली. माझे सासरे बापूसाहेब यांची जुनी फियाट. ब्रेक दाबला की ती कधीकधी हिवताप भरल्यासारखी थरथरायची. चार-सहा ब्रेकांत बरी व्हायची आणि मग कितीतरी दिवस शहाण्यासारखी वागायची. बारामतीच्या मेकॅनिककडं पोचेपर्यंत तर ती ठणठणीत. त्यानं शेवटी मला बाजूला घेतलं. “वहिनी, गाडीला काय बी न्हाय. सायबांचं बघा जरा.”

बापूसाहेबांनी मात्र निकाल देऊन टाकला. “माझी नात बसती त्यात. रविवारपतुर कळलं तर बरं, न्हाय तर गाडी इकायची.”

छकुली पाळण्यात झोपत नसे, झोळीत नसे, मांडीवर तर मुळीच नाही. फियाट सुरू झाली की मात्र तिच्या पापण्या जड व्हायच्या, मूठ हळूहळू उघडायची. बाळंतपणानंतर मी जी काही झोपले, ती पिंपळी ते बावडा, माहेरच्या वाटेवर, तिच्या शेजारी डोकं टेकून. एसटीत ती इंदापूरपर्यंत रडते. पुढं कंडक्टर रडतो.

“गाडी गेली तर मला झोप कुठली?” मी म्हणाले.

“काळजी करू नकोस. केस माझ्या हातात आहे.”

त्याचीच तर काळजी होती.

पहिला संशय रस्त्यात सांडलेल्या उसाच्या पाचटावर. दुसरा सासूबाईंच्या वजनावर. तो यांनी सासूबाईंसमोरच मांडला, म्हणून ताबडतोब मागं घेतला. तिसरा भाऊबंदांवर. चुलतभाऊ दादासोला ओसरीवर बसवून उलटतपासणी झाली.

“खरं सांग. चाकाचे नट तूच ढिले केलेस.”

दादासोनं शांतपणे बशी रिकामी केली. “ढिलं करायला तुझ्या गाडीत घट्ट काय हाय?”

संशयिताला आणखी एक चहा पाजून सोडावं लागलं.

मग हे कॅलेंडरसमोर उभे राहिले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “दर वेळी अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी थरथर. कुणीतरी अमावास्येला येतं.”

अमावास्या नेमकी शनिवारी होती. आमच्याकडं त्या दिवशी गाडी धुऊन पुजतात, नारळ फोडतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत जागची हलवत नाहीत. यांनी विहिरीच्या मोटारीचा पाइप लावून चाकांच्या पोटापर्यंत पाणी मारलं. अंगण उताराचं, म्हणून बापूसाहेबांनी हॅण्डब्रेक कचकन ओढला. मग गुप्तहेर दिवसभर कडब्याच्या गंजीआड पाळतीवर बसले. संशयित म्हणून एक कोंबडी आली. तिला समज दिली.

रविवारी सगळे गाडीत बसलो. पहिल्याच वळणावर ब्रेक लागला आणि फियाट दात वाजवायला लागली. झोपायला आलेल्या छकुलीनं भोकाड पसरलं.

“झालं. गिऱ्हाईक बगतो,” बापूसाहेब म्हणाले.

“गुन्हेगार अदृश्य आहे,” हे पुटपुटले.

“मह्या,” मागून सासूबाईंनी विचारलं, “काल धुतल्यावर चालवलीस का रं?”

“अमावास्येला कशी चालवू?”

“म्हंजी वली तशीच हुबी. ब्रेक आवळून.”

“व्हय. मग?”

“वल्या तव्यावर झाकण घालून ठिव दिसभर. झाकणाखाली येक रंग, भाईर दुसरा. गंज चडतो, घासला की जातो. चाकात बी तसंच, ब्रेक चिकटला तिथं येक, बाकी दुसरं, म्हून थरथरती. त्यात अमुशाला येतंय कोन?”



“पन ब्रेक आवळला कुनी?” यांनी सवयीनं विचारलं. बापूसाहेब टोपी शोधू लागले. ती डोक्यावरच होती.

“आन् पानी कुनी मारलं?” सासूबाईंनी विचारलं. मग हेही टोपी शोधू लागले. हे टोपी घालतच नाहीत.

सासूबाईंनी नवऱ्याकडून एक दिवस मागून घेतला. मागितला म्हणजे सांगितला. घरी येऊन गाडी पुन्हा तशीच धुतली, पण या वेळी ब्रेक मारत गावाला दोन चकरा घालून वाळवली. हॅण्डब्रेकला हात न लावता चाकांना दगड लावले. सोमवारी पहिला ब्रेक लोण्यासारखा लागला. बापूसाहेबांनी पुन्हा एकदा दाबून बघायला लावला, मग खिडकीतून हात घालून नातीच्या गालाला लावला. “ऱ्हाऊ द्या गाडी,” एवढंच म्हणाले.

तशीच गाडी बावड्याला काढली. आपण ही केस कशी सोडवली, ते यांनी स्टिअरिंग धरल्या धरल्या पहिल्यापासून सांगायला घेतलं. इंदापूर आलं तेव्हा म्हणे ते कोंबडीपर्यंत पोचले होते. मागं आम्ही मायलेकी केव्हाच घोरत होतो.