आनंद खोडणारे तेलरांधे सर

मुलांच्या वहीत ‘आनंद’ हा शब्द दिसला की तेलरांधे सर तो लाल पेनाने खोडत. वर्गात आनंदी नावाची कुणी मुलगी नव्हती हे नशीबच.

पिपरी मेघे गावातल्या आमच्या शाळेत सर मराठी शिकवायचे, मी विज्ञान. शिवाय मूल्यशिक्षण आणि नववीचा सेवा-तास त्यांच्याकडे होता. शनिवारी शाळा सुटली की मुलं जोडीजोडीने आसपासच्या ले-आउटच्या वस्त्यांमधल्या एकट्या म्हाताऱ्यांकडे जात, तासभर काही काम करत आणि सोमवारी ते वहीत लिहून आणत. मुलं मनापासून लिहायची, ‘आजींना मदत करून मला खूप आनंद झाला.’ सर खोडायचे.

“आनंद झाला तो तुले झाला,” ते म्हणायचे. “आजीले काय झालं ते लिही.”

मुलंही काही कमी नव्हती. पुढच्या सोमवारी सगळ्यांना ‘समाधान’ वाटलं. तेही खोडलं गेलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात सगळे ‘धन्य’ झाले. शेवटी प्रांजली नावाच्या मुलीने वैतागून लिहिलं, ‘आजीची तूरडाळ निवडली. तीन खडे सापडले. आजी म्हणाल्या, अजून एक असेल.’ ती वही सरांनी स्टाफरूममध्ये आम्हा सगळ्यांना वाचून दाखवली. मुख्याध्यापकांना तर दोनदा.

विचारल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही, हा त्यांचा दुसरा नियम. एकदा दोन मुलांनी उत्साहाच्या भरात एका आजोबांचं कपाट आवरून टाकलं. आजोबांना दोन दिवस कवळी सापडेना. सरांनी मुलांना परत पाठवलं, पसारा होता तसा लावून द्यायला. मुलं सांगत होती, आवरण्यापेक्षा हे काम अवघड निघालं.

मग शिक्षण खात्यातले एक साहेब उपक्रम पाहायला आले. त्यांना म्हातारीचा हात हातात घेतलेल्या मुलीचा फोटो हवा होता. प्रांजली ज्यांच्याकडे जायची त्या सुमनआजींकडे सर त्यांना घेऊन गेले आणि नियमाप्रमाणे आधी आजींना विचारलं. आजींनी साहेबांकडे खालून वर पाहिलं. म्हणाल्या, फोटो काढा, पण हा माणूस उंच आहे, तर मोरीतला बल्ब तेवढा बदलून द्या. साहेब स्टुलावर चढले. प्रांजलीने सोमवारी वहीत तेवढंच लिहिलं, ‘साहेबांनी बल्ब बदलला. लागला.’

यंदा दिवाळीनंतर सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यांची पत्नी चार वर्षांपूर्वी गेली, मुलगी बंगळुरूला. मुलगी येणार आहे, काळजी करू नका, असं त्यांनी आम्हाला सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी मी वरण-भाताचा डबा घेऊन गेले, तर काळा चष्मा कपाळावर सरकवून सर एकटेच डोळ्यात औषध टाकत होते. निम्मं गालावर ओघळत होतं. मुलीचं विचारलं, तर कळलं की शाळेतले लोक रोज येतात असं सांगून त्यांनी तिला येऊच दिलं नव्हतं.

मी हे प्रांजलीला सांगितलं. शनिवारी कुणाकुणाकडे जायचं त्या यादीत तिने सगळ्यात खाली सरांचं नाव लिहिलं.

शनिवारी मी प्रांजलीला आणि तिच्या जोडीच्या मुलीला घेऊन गेले. सर दारात उभे राहिले.

“माह्यं नाव यादीत काऊन?”

“सर, काय काम आहे?” प्रांजलीने विचारलं.

काही नाही म्हणाले. ती तशीच उभी राहिली. बऱ्याच वेळाने सर खुर्चीत बसले, मान मागे टाकली आणि औषधाची बाटली तिच्याकडे दिली. एकही थेंब गालावर आला नाही.

डॉक्टरांनी आठवडाभर वाचायला मनाई केली होती. म्हणून मुलींनी त्यांना पेपर वाचून दाखवला. तो संपल्यावर सरांनी कालचा काढला, मग परवाचा. तास कधीच उलटून गेला होता. प्रांजली टेंडरच्या नोटिसा वाचत होती आणि सर त्या डोळे मिटून ऐकत होते. अंधार पडायला आला तेव्हा मीच म्हटलं, मुलींना घरी जायचंय.

“हो हो, जा,” सर म्हणाले. मुली चपला घालत होत्या, तेव्हा हळूच विचारलं, “पुढच्या शनिवारी कोनाची पाळी आहे?”

“आमचीच,” प्रांजली म्हणाली.

पुढच्या शनिवारी आम्ही गेलो तेव्हा काळा चष्मा निघाला होता. डॉक्टरांनी तीन दिवसांपूर्वीच वाचायची परवानगी दिली होती, असं सरांनीच सांगितलं. टेबलावर आठवड्याचे सगळे पेपर एकावर एक रचलेले होते. एकाचीही घडी मोडलेली नव्हती.