यानातला चष्मा

माझ्या नजरेतून काही सुटत नाही. ही बढाई नाही, हा माझा धंदा आहे. टीव्हीच्या मालिकेत नायकानं एका शॉटमध्ये कप उजव्या हातात धरला असेल, तर पुढच्या शॉटमध्ये तो डाव्या हातात उडी मारणार नाही, यावर डोळा ठेवणारा माणूस म्हणजे मी. या कामाला कंटिन्युइटी म्हणतात. सतरा वर्षं मी ते बिनचूक करतोय, आणि सतरा वर्षं शेवटच्या नामावलीत मी ‘आणि इतर’मध्ये आहे.

या ‘आणि इतर’वर माझ्या सासऱ्यांचा फार जीव. ते निवृत्त मुद्रितशोधक. लग्नपत्रिका हातात आली तरी आधी चुका शोधतात, मग लग्न कोणाचं ते बघतात. दर रविवारी दुपारी मालिका संपली की विचारतात, “जावईबापू, यातले तुम्ही कितवे इतर?”

शंभरावा भाग जवळ आला तेव्हा दिग्दर्शकांनी मला बाजूला घेतलं. “या भागात एक चूक दिसू देऊ नका. तुमचं नाव स्वतंत्र ओळीत टाकतो.” मी घरी जाऊन सगळ्या नातेवाइकांना कळवलं. सासऱ्यांना दोनदा.

आमची मालिका विनोदी आहे, असं वाहिनीचं म्हणणं आहे. एक कुटुंब अंतराळयानात राहतं आणि सूर्यमाला ओलांडून गेलं तरी बाथरूममध्ये आधी कोण जाणार यावरून भांडतं. यान प्लायवूडचं. बटणं म्हणजे औषधाच्या बाटल्यांची झाकणं. एक यंत्रमानव आहे, त्याच्या आत एक नट असतो, बहुतेक वेळा झोपलेला. विज्ञानाचं म्हणाल, तर आमच्या लेखकाला घरचा फ्यूजही बदलता येत नाही.

चित्रीकरण दोन दिवसांचं होतं. पहिल्या दिवशी सकाळी, कॅमेरा सुरू व्हायच्या आधी, यानाच्या नियंत्रण-फळीवर मला बोटाचा एक डाग दिसला. बघा, नजर! मला लांबचं दिसत नाही, म्हणून जवळचं नीट बघायचं तर मी चष्मा काढतो. चष्मा काढला, फळीवर ठेवला, डाग पुसला. तेवढ्यात दिग्दर्शक ओरडले, “फ्रेम मोकळी करा!” मी धावत बाहेर.

बाहेर येऊन वही उघडली आणि लक्षात आलं की समोर नुसतं धुकं आहे. खिसे चाचपले, खुर्चीखाली बघितलं. चष्मा नाही. आता काय करायचं? ‘मला दिसत नाही’ असं म्हणणारा कंटिन्युइटीवाला म्हणजे ‘मला पाण्याची भीती वाटते’ म्हणणारा नावाडी. मी धुक्याकडे रोखून बघितलं आणि म्हणालो, “ओके.” असे सात शॉट झाले. सातही ओके.

जेवणाच्या सुट्टीत मी सेटवर रांगत शोधत होतो, तेव्हा हाताला फळीवर काहीतरी लागलं. माझाच चष्मा! बिजागरीपाशी मोडलेल्या दांडीला बायकोनं बांधलेला लाल दोरा होता. आनंदानं डोळ्यांवर चढवला आणि त्याच क्षणी उजेड पडला. सकाळच्या सातही शॉटमध्ये हा चष्मा कॅप्टनच्या नाकासमोर पडलेला असणार.

मी कॅमेरामनला गाठलं. “तुम्हाला चष्मा दिसला नाही?”

“दिसला की. मला वाटलं यंत्र आहे.”

कॅप्टनचं काम करणाऱ्या नटाला विचारलं. तो म्हणाला, “मला वाटलं, माझ्या भूमिकेला खोली यावी म्हणून ठेवलाय.”

मी फार घाबरलो होतो. दिग्दर्शकांना खरं सांगावं, तर नाव जाणार. न सांगावं आणि चष्मा घालावा, तर दुपारच्या शॉटमध्ये तो फळीवरून गायब होणार. सतरा वर्षांचा अनुभव एकच सांगत होता: सकाळी जे जिथं होतं, ते दुपारी तिथंच असलं पाहिजे. मी चष्मा काढला आणि पुन्हा फळीवर ठेवला. अगदी त्याच कोनात.

नवा चष्मा करायला टाकला होता, पण चष्मेवाला ‘परवा या’च्या पुढं सरकत नव्हता. तेव्हा ती दुपार आणि दुसरा अख्खा दिवस मी धुक्याला ओके देत राहिलो.

संकलनाच्या खोलीत आम्ही चौघं बसलो: दिग्दर्शक, लेखक, संकलक आणि मी. संकलक एकेक गोष्ट दाखवत गेला. कॅप्टनच्या घड्याळानं तीनदा मनगट बदललं होतं. यंत्रमानवाचं डोकं निम्म्या भागात उलटं होतं. आतला नट झोपलेला, त्याला काय कळणार? आणि खिडकीबाहेरच्या अथांग अंतराळात सुताराची शिडी उभी होती.

“आणि हा लाल दोऱ्याचा चष्मा कोणाचा?” दिग्दर्शकांनी विचारलं.

मी मान खाली घातली. “माझा.”

“सगळ्यांना दिसला, फक्त तुम्हाला नाही?”

“मला दिसणार कसा? तो तिकडं होता.”

“तुमचं नाव कट,” ते संकलकाला म्हणाले.

त्या वेळी लेखक उभा राहिला. शंभराव्या भागाला शेवट त्याला अजून सुचला नव्हता. घाम पुसत तो म्हणाला, “थांबा. यानात एक अदृश्य पाहुणा आलाय. शिडीवरून उतरला. घड्याळं, डोकी तोच फिरवतो. त्याचं काहीच दिसत नाही, फक्त चष्मा दिसतो.”

“आणि लाल दोरा?”

“ते त्याच्या ग्रहाचं राजचिन्ह.”

कॅप्टनच्या आवाजात दोन वाक्यं घुसवली आणि भाग तयार झाला. चष्मा वाहिनीनं जाहिरातीसाठी ठेवून घेतला.

रविवारी घर नातेवाइकांनी भरलं होतं. मी पडद्यापासून दूर, मागं बसलो. बायको किंचाळली, “अहो, हा तर माझा दोरा!” सगळे पोट धरून हसत होते. नव्व्याण्णव भागांत आमच्या घरात या मालिकेला कोणी हसलं नव्हतं. नामावली सुरू झाली आणि मला फक्त पांढऱ्या मुंग्या वर चढताना दिसल्या.

“आलं का हो माझं नाव?” मी विचारलं.

“आलं,” सासरे म्हणाले. “स्वतंत्र ओळीत.”

माझे डोळे भरून आले. “काय लिहिलंय?”

“‘चष्मा सौजन्य’. पुढं तुमचं नाव. छपाईत चूक नाही.”

“आणि कंटिन्युइटीला?”

“तिथं ‘इतर’.”

तेवढ्यात दिग्दर्शकांचा फोन. वाहिनी खूश होती, अदृश्य पाहुणा आता कायमचा राहणार होता. “तुम्हीही राहा,” ते म्हणाले. “फक्त नवा चष्मा घालून येऊ नका. तुम्हाला दिसायला लागलं, की लेखकाला सुचायचं बंद होईल.”

नवा चष्मा तयार आहे, असे दुकानातून तीन निरोप आले. बायको रोज विचारते, कधी आणणार? मी टाळतोय. काय करणार, पुढच्या रविवारी पुन्हा नाव येणार आहे ना.