लिंबाजीचं गोत

लिंबाजी आमच्या चुडाव्यात कोणाच्याही घरात शिरतो, टोपल्यातली भाकर मोडून बघतो आणि कडक निघाली तर त्या घरच्या सुनेवर डाफरतो. "असली भाकर घालायलीस व्हय माझ्या रगताला?"

सून पदर तोंडाला लावून हसते. उलटून बोलत नाही. तिच्या नवऱ्याला लहानपणी बैलानं शिंग मारलं होतं, तेव्हा परभणीच्या दवाखान्यात लिंबाजीनं रक्त दिलं होतं. तेव्हापासून ते घर लिंबाजीचं. तिथल्या पोराचं बारसं त्याला विचारून होतं आणि म्हैस विकायची तर तो नको म्हणतो.

असली घरं त्याला गावात बरीच. काही पूर्णेला, काही पिंगळीला. रेल्वेत गँगमन होता, सगळी जिंदगी रुळाच्या कडेनं चालण्यात गेली. बायको लवकर वारली. लेकरूबाळ नाही, दुसरी केली नाही, भाऊ नाही, भावकी नाही. पण त्याला विचारा, गोत केवढं? तर म्हणतो, "लय हाय. सांगत बसलो तर पॅशिंजर निघून जाईल."

मी त्याचा शेजारी, किसन. मेंढरं राखली. शाळा दुसरीपर्यंत शिकलो, तिसरीचा मास्तर मला पटला नाही म्हणून सोडली. रक्त मी कधी दिलं नाही. भ्यालो म्हणून नव्हे. लांडग्याच्या तोंडातून मेंढी ओढून काढलेला माणूस मी, सुईला काय भिणार? पण ते लोक आडवं पडा म्हणतात. समोर नातीच्या वयाची डाक्टरीण उभी, आणि मी पागोटं काढून उताणा पडायचं? मी म्हणलं, बसून घ्या. ते बसून घेत नाहीत, मी पडून देत नाही. बात खतम.

मागं आमच्या शाळेत रक्ताचं शिबिर भरलं. लिंबाजी सकाळीच अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून पहिला जाऊन बसला. डाक्टरीण म्हणाली, "आजोबा, तुमचं वय झालं. आता तुमचं रक्त नाही घेता येत."

"वय माझं झालंय बाई. रगात कालचंच हाय."

ती हसली, पण घेतलं नाही. लिंबाजी बाहेर येऊन लिंबाखाली बसला. मला म्हणाला, "किसन, आता नवं गोत बंद."

मग उठून शाळेच्या दारातच उभा राहिला. मला घेत नाहीत तर मी दुसऱ्याचं काढतो, असा त्याचा कावा. येणाऱ्या-जाणाऱ्याला धरायला लागला. तेव्हा कळलं की माणसापाशी पैसा नसेल, धान्य नसेल, पण कारण असतंच. एक म्हणाला, गोळ्या चालू हायत. कसल्या? ते त्याला आठवेना. दुसरा म्हणाला, बायकोला विचारून येतो; तो अजून विचारायलाय. बाजारात बोकड कापणारा गडी आत गेला, सुई बघून आडवा झाला, त्याचं रक्त काढायच्या ऐवजी त्यालाच पाणी पाजावं लागलं.

विठोबाचं कारण मात्र मला पटलं. बांधावरून त्याचं आणि त्याच्या चुलतभावाचं वैर. तो म्हणाला, "मी देतो ओ लिंबामामा. पण ते रगात नेऊन आमच्या नारायणालाच चढवलं तर?"

"तर बरंच की! मंग तो तुझा बांध कोरायचा न्हाई."

"कोरंल! माझंच रगात म्हणल्यावर आजून कोरंल!"

तरी हसत हसत विठोबा आत गेलाच. त्याचं बघून नारायणही गेला, विठोबानं दिलं आणि आपण मागं राहिलो असं व्हायला नको म्हणून. देणाऱ्यांचीही कारणं असली असतात.

तर असा हा लिंबाजी. त्यानं एकदा भरल्या मांडवात गावाचा जीव टांगणीला लावला, ती गोष्ट सांगतो.

आमच्या गल्लीतल्या दत्ताची मीरा. ही पोरगी लहानपणी उसाच्या ट्रॅक्टरवरून पडली होती, तेव्हा लिंबाजीनं रक्त दिलेलं. दत्ता आणि त्याची बायको दसरा झाला की कोयते घेऊन ऊसतोडीला जातात. मीरा आजीपाशी राहायची, शाळा करायची. लिंबाजी रोज जाऊन तिच्याही भाकरी मोडायचा, पण तिच्या कधी कडक निघाल्या नाहीत, निदान तो तरी तसं म्हणाला नाही.

मीराची सोयरिक पिंगळीच्या बालाजीशी ठरली. बालाजी म्हणजे आमच्याच गावच्या शेवंताचा पोरगा. स्थळ चांगलं. साखरपुड्याला पाव्हणे आले, पोहे झाले, चहा फिरायला लागला आणि लिंबाजी उठून उभा राहिला.

"ही सोयरिक व्हत न्हाई."

मांडव गार. पिंगळीचा एक म्हातारा म्हणाला, "कामून ओ?"

"दोघं भाऊ-बहीण हायेत."

दत्तानं भरली कपबशी खाली ठेवली. बायकांत कुजबुज सुटली. बालाजीच्या तोंडात चहाचा घोट होता, तो तसाच राहिला. लिंबाजी म्हणाला, "मीराच्या अंगात माझं रगात हाय, सगळ्या गावाला ठावं हाय. आन ह्यो बालाजी शेवंताच्या पोटात असताना ती बाळंतपणाला हितं आलती. तवा तिलाबी मीच दिलतं. एका रगताची लेकरं, त्यायचं लगीन लावता व्हय? शोभतंय का?"

आमचे गुरुजी समजूत घालायला उठले. "लिंबाजीराव, दिलेलं रक्त काही महिन्यांत संपतं. शरीर आपलं नवं रक्त तयार करतं. आता त्यांच्यात तुमचा एक थेंबसुद्धा नाही."

लिंबाजीचा चेहरा पडला. मग तो एकदम भडकला. "माझा बाप मरून हाडं गेली गंगेला. मंग मी त्याचा न्हाई का आता?"

गुरुजी खाली बसले. पाव्हणे चपला शोधायला लागले. दारात मीरा उभी होती, तिच्या डोळ्यात पाणी. ती लिंबाजीवर रागावलेली नव्हती, हे माझ्या ध्यानात आलं. ती नुसती वाट बघत होती, हा आपला म्हातारा आता काय म्हणतो म्हणून.

मी दुसरी शिकलेला माणूस, पण नाती मला पक्की कळतात. शेकडो मेंढरांत कोणतं कोकरू कोणत्या मेंढीचं, हे सांगायची सवय आहे. मी उठलो.

"लिंबाजी, रगात तू कोणाला दिलंस? बालाजीला का शेवंताला?"

"शेवंताला."

"मंग शेवंता तुझी कोण झाली? तुझ्यापेक्षा लहान, गावची लेक."

"बहीण."

"बहिणीचा पोरगा आपला कोण?"

"भाचा."

"आन मीराला तर तू थेट दिलंस. ती कोण?"

लिंबाजीनं दारातल्या मीराकडं बघितलं. तो लय हळू म्हणाला, "लेक."

"भाच्यानं मामाची लेक केली तर काय व्हतंय?"

लिंबाजीनं तोंडातल्या तोंडात सगळं परत एकदा जुळवून बघितलं. मग त्याचे डोळे मोठे झाले. "आरं, मामाच्या पोरीवर तर त्याचा हक्कच हाय की!"

पिंगळीचा म्हातारा म्हणाला, "मंग बसा की ओ खाली. चहा निवायलाय."

लग्नात लिंबाजीची जी धावपळ झाली ती बघण्यासारखी होती. मंगलाष्टका चालू असताना मामा म्हणून नवरदेवाच्या मागं उभा. शेवंताच्या सख्ख्या भावानं बिचाऱ्यानं जागा दिली. अक्षता पडल्या की पळत इकडं येऊन पोरीचा बाप. व्याह्यांना जेवणात आग्रह यानंच केला आणि भाजी खारट झाली म्हणून व्याह्यांच्या बाजूनं तक्रारही यानंच केली. पाठवणीला दत्तापेक्षा मोठ्यानं रडला.

दसरा झाला. दत्ता आणि त्याची बायको कोयते घेऊन गेली. आजी आदल्याच वर्षी वारलेली. घराला कुलूप.

दिवाळी तोंडावर आली तसा लिंबाजी माझ्या ओट्यावर येऊन बसला. उगं मिशीवरून हात फिरवायला लागला.

"किसन, लेकीला पहिल्या दिवाळीला आणायला कोण जातंय रे?"

"बाप न्हाईतर भाऊ."

"बाप तर कारखान्यावर हाय."

"तू हाईस की."

त्यानं मान वळवून आपल्या घराच्या दाराकडं बघितलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. गावातल्या इतक्या घरांत हा माणूस शिरतो, चुलीपर्यंत जातो, पण याच्या घराचा उंबरा कोणी ओलांडलेला मी शेजारी असून बघितला नव्हता. कोणी नको म्हणून नव्हे. यानं कधी कोणाला ये म्हणलंच नाही.

"न्हाई आली तर?" तो म्हणाला.

मी म्हणलं, "न्हाई आली तर मी तिथंच पिंगळीला भांडतो. चल."

त्यानं घर सारवलं, भिंतीला चुना मारला, अंगालाही मारून घेतला. मग आम्ही पॅशिंजरनं पिंगळीला गेलो. शेवंताच्या दारापाशी पोचलो तर हा गडी, जो दुनियेच्या टोपल्यात हात घालतो, चपला हातात घेऊन अंगणातच उभा. आत जाईना.

मीरा बाहेर आली. "आवं बाबा, एवढा उशीर? मी पिशवी कवाच भरून ठेवलीय."

घरी आल्या आल्या तिनं हातपाय धुतले, चुलीपाशी गेली, लिंबाजीनं सकाळी थापलेली भाकर टोपल्यातून काढून मोडून बघितली. "असली भाकर खाता व्हय तुमी?"

लिंबाजी भिंतीला टेकून उभा होता. त्याला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पहिली सून, बैलानं मारलेल्या गड्याची बायको, माझ्या दारात आली. "तात्या, लिंबामामा बिमार हायेत का? आज आलेच न्हाईत. मी मुद्दाम भाकर कडक केल्ती."

मी भिंतीवरून हाक मारली. "आरं लिंबाजी, तुझं गोत बोलवायलंय. येतूस का?"

आतून भांड्याचा आवाज आला, मग लिंबाजीचा.

"आज न्हाई जमत. आज घरी माणूस हाय."