अण्णांचा विलायती परवाना

अण्णांच्या दाराला बाहेरून भलंमोठं कुलूप दिसलं, की अण्णा घरात आहेत असं समजावं. आणि दार सताड उघडं असलं, की अण्णा बाहेरगावी गेलेत.

सावेडीला आमची घरं शेजारीशेजारी होती. मी नगरच्या एका शाळेत मास्तर म्हणून नवाच आलो होतो. पहिल्याच आठवड्यात ते उघडं दार पाहून मी काळजीनं आत डोकावलो, हाका मारल्या आणि कुणी नाही असं पाहून बाहेरून कडी घालून आलो. दुसऱ्या दिवशी अण्णा तणतणत आमच्या अंगणात.

"दार कुणी लावलं?"

"मी. घरात कुणी नव्हतं म्हणून."

"म्हणूनच उघडं होतं! उघडं दार दिसलं की चोर समजतो, आत माणूस आहे. कुलूप दिसलं की समजतो, कुणी नाही. म्हणजे तो येणार कधी? कुलूप असताना. तेव्हा मी आत असायला नको? मी मागच्या दारानं आत जातो." एवढं सांगून त्यांनी डोळे बारीक केले. "पण आत कुणी नाही, हे तुम्हाला कळलं कशावरून?"

'कशावरून' हा अण्णांचा शब्द. आज सोमवार आहे म्हटलं तरी ते "कशावरून?" म्हणत. त्यांचा दोष नव्हता. सारी नोकरी त्यांनी मोजणी खात्यात काढली होती. पाथर्डी, शेवगाव, जामखेड, सगळीकडे उन्हातान्हात साखळी ओढत जमिनी मोजल्या. "दिवसा बांध झोपतो आणि रात्री चालायला लागतो," असं ते म्हणत. "सकाळी जाऊन बघावं तर हद्दीचा दगड चार पावलं पलीकडं. आणि दोन्हीकडचे शेतकरी देवाची शप्पथ घ्यायला तयार." अशा लोकांत आयुष्य गेल्यावर माणूस दुसरं काय होणार?

एकदा त्यांना ताप भरला. मी डॉक्टरांना घेऊन आलो. डॉक्टरांनी थर्मामीटर बाहेर काढलं, तर अण्णा म्हणाले, "आधी तुमच्या तोंडात धरा. तुम्हाला ताप नाही ना? मग बरोबर आकडा येतो का बघू." आणि त्या भल्या गृहस्थाला ते धरावं लागलं. त्यांचा आकडा जरा जास्तच आला. अण्णा मला नंतर म्हणाले, "एक तर काच खोटी आहे, नाहीतर डॉक्टर. औषध घेऊ नका असं मी म्हणतो ते याचसाठी."

घरात ते एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती मुलगी सुधा, नर्सिंगचा कोर्स करून विलायतेला नोकरीला गेलेली. तिच्याबद्दल ते फारसं बोलत नसत. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी मला, हे तुम्हाला कशाला हवंय, असं विचारलं असतं.

तर एक दिवस हे गृहस्थ माझ्याकडे येऊन म्हणाले, "मला मोटार शिकायची आहे."

अण्णांना साधी सायकलही येत नव्हती. रिटायर झाले होते.

"मोटार घेताय की काय?"

"इथं नाही. विलायतेला. तिथं भाड्यानं मिळते. ड्रायव्हर नाही, काही नाही. किल्ली देतात, आपण घेऊन जायची."

ही खबर त्यांनी दोन ठिकाणांहून काढली होती. एक, लंडनला असलेला पुतण्या मोहन. दुसरा, पुण्याच्या एका प्रवास कंपनीतला माणूस. दोघांनीही तेच सांगितलं होतं. आपल्याकडचा परवाना तिथं चालतो, पण तो काढून एक वर्ष झालेलं असलं पाहिजे. शिवाय एक आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो आपल्याच देशात काढायचा, तिकडे मिळत नाही. आणि नुसता तो दाखवून भागत नाही, मूळचा परवानाही बरोबर असावा लागतो.

"मग प्रश्न मिटला," मी म्हणालो.

"मिटला कसा? दोघांनी सारखंच सांगितलं. म्हणजे दोघं आधी एकमेकांशी बोललेले आहेत."

अण्णांना मोटार शिकवायचं काम सर्जेरावांनी पत्करलं. सर्जेराव मूळचे पाथर्डीकडचे. लष्करात रणगाडा चालवायचे आणि पेन्शनीत निघाल्यावर एक जुनी अॅम्बॅसिडर घेऊन लोकांना ड्रायव्हिंग शिकवायचे. रणगाडा चालवलेल्या माणसाला एकच नियम माहीत असतो, तो म्हणजे समोरच्यानं बाजूला व्हायचं. अण्णांचा नियम उलटा, की समोरचा बाजूला होईल याचा काय भरवसा? या दोघांच्या मधोमध ती गाडी सुप्याच्या रस्त्यानं जायची. मी हौसेनं मागं बसायचो.

ती दुष्काळाची वर्षं. रस्त्याच्या कडेला खडी फोडायची कामं चाललेली. बायका हातोडा खाली ठेवून आमच्याकडे बघत राहायच्या, कारण बैलगाडीसुद्धा आमच्या पुढं निघून जायची.

अण्णांचं मुख्य भांडण आरशाशी होतं. मागचं आरशात बघायचं, असं सर्जेरावांनी सांगितलं. अण्णा आरशात बघायचे आणि मग खातरी करून घ्यायला मान मागं वळवून काचेतून बघायचे. तोवर गाडी बाभळीकडे निघालेली असायची.

"अण्णा, फुडं! फुडं बघा की वो!" सर्जेराव चाक धरायचे. "मागलं मागं ऱ्हाऊ द्या."

"आरशात ट्रक लांब दिसतोय. खरोखर लांब आहे का, बघायला नको?"

"आरसा काय लबाड हाय व्हय?"

"लबाड नाही कशावरून? उजव्याचं डावं दाखवतो, तो सरळ कसा?"

 सर्जेराव माझ्याकडे वळून म्हणायचे, "मास्तर, लढाईत येवढा घाम न्हाई आला मला."

पहिल्या परीक्षेत अण्णा नापास झाले. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी चौकात उजवीकडे वळायला सांगितलं. अण्णांनी हात बाहेर काढला आणि गाडी थांबवली. मागून येणाऱ्यानं हात बघितला असेल याची खातरी नाही, म्हणून त्याला जाऊ दिलं. त्याच्या मागच्यालाही जाऊ दिलं. मग एक उसाचा ट्रॅक्टर, मग सायकली, मग शेरडांचा कळप. शेवटी साहेब दार उघडून उतरले आणि पायीच ऑफिसात गेले. अण्णांनी तेव्हाही हात आत घेतला नव्हता.

दुसऱ्या खेपेला पास झाले. कसे, ते सर्जेरावांनाच ठाऊक.

परवाना हातात आला. आता वर्षभर थांबणं आलं. दुसरा कुणी असता तर परवाना पेटीत ठेवून वर्ष काढलं असतं. अण्णांनी तसं केलं नाही. "कागद वर्षाचा होईल, पण मी? तिकडच्या रस्त्यावर कागद चालणार आहे का?" असं म्हणून दर आठवड्याला सर्जेरावांच्या गाडीत बसायचे. ऊन असो, वारा असो. हळूहळू बैलगाड्या मागं पडू लागल्या. एकदा तर त्यांनी एस.टी.ला ओलांडलं आणि सर्जेरावांनी हात जोडले. इतक्या चिवटपणे हा माणूस कशाच्या मागं लागलाय, ते काही मला उमगेना. विलायत बघायची हौस म्हणावी, तर अण्णांनी कधी नगरचा किल्लाही आतून बघितला नव्हता.

वर्ष संपल्यावर आंतरराष्ट्रीय परवाना काढायला आम्ही दोघं मुंबईला गेलो. तिथल्या कारकुनानं अण्णांच्या सगळ्या शंकांना उत्तरं दिली. परवाना एक वर्ष चालेल. मूळचा कायम जवळ ठेवा. आत निरनिराळ्या भाषांतली पानं आहेत.

"हे रशियन पान कशाला? मी रशियाला जाणार नाही."

"सगळ्यांनाच असतं, काका."

"ते बरोबर लिहिलंय कशावरून? तुम्हाला रशियन येतं?"

कारकून हसला. मोकळा, चांगला मुलगा होता. सहज म्हणाला, "तिकडे कुणाकडे उतरणार?"

"मुलगी आहे."

"मग ती येईलच की न्यायला. तुम्हाला गाडीची एवढी उठाठेव कशाला?"

प्रत्येक प्रश्नावर प्रश्न टाकणाऱ्या अण्णांनी या वेळी काही विचारलं नाही. पेन उचललं आणि सही केली.

परत येताना एस.टी. सुप्याला चहासाठी थांबली. दुपारची वेळ. आम्ही टपरीच्या बाकावर बसलो. अण्णांनी कप हातात धरला होता, पण पीत नव्हते. मला वाटलं, चहाचा संशय आला असेल.

"सुधाला माहीत नाही मी येतोय ते," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे वळलो.

"शेवटची आली होती ना, तेव्हा म्हणाली, तिथल्या एका मास्तराशी लग्न करायचंय. तिथलाच, गोरा. जेवायला बसलो होतो. म्हणाली, अण्णा, फार चांगला माणूस आहे हो."

यावर अण्णा काय म्हणाले असतील, हे मला विचारावं लागलं नाही.

"मी काही वाईट अर्थानं म्हटलं नव्हतं. तोंडात बसलेला शब्द. पण तिनं हात धुतला, आत गेली, बॅग भरली. सकाळच्या गाडीनं गेली. लग्न केलं, ते मोहननं कळवलं. मी पत्र टाकलं नाही. तिनंही नाही."

"मग मोहनला म्हणा, तो सोडेल तुम्हाला तिच्याकडे."

"सोडेल. दारात उभं करेल, घंटा वाजवेल. ती दार उघडणार आणि बाप समोर. मनात नसलं तरी तिला या म्हणावं लागेल. की नाही?" त्यांनी कप खाली ठेवला. "आपली गाडी असली म्हणजे रस्त्याच्या पलीकडे उभी करता येते. लांबून बघायचं. तब्येत बरी दिसली, तोंडावर सुख दिसलं, की किल्ली फिरवायची आणि परत. तिला कळायलासुद्धा नको. तिच्यावर दार उघडायची पाळी नको आणि लावायचीही नको."

कंडक्टरनं घंटी दिली. आम्ही गाडीत जाऊन बसलो. 

अण्णा विलायतेला गेले आणि दोनेक महिन्यांनी परत आले. आल्याच्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसले. मी धीर करून विचारलं, "मिळाली का गाडी?"

"मिळाली. आधी मला विश्वासच बसेना. भाडं मोहननं भरलं. तिथं एक पोरगी बसली होती. तिनं दोन्ही परवाने असे बघितले न बघितले, हसली आणि किल्ली दिली. इतक्या लवकर देतात म्हणजे गाडीत काहीतरी खोट असणार. मी सगळीकडून फिरून बघितली, खाली वाकून बघितली. ती पोरगी बाहेर येऊन विचारते, काही हरवलं का?"

"आणि सुधाताई?"



"तिचं गाव लंडनपासून लांब आहे. सकाळी पोचलो. घरासमोर पलीकडच्या कडेला गाडी लावली आणि बसलो. खिडकीला पडदे. कुणी बाहेर येईना. पण बाकी सगळ्या घरांचे पडदे हलायला लागले. कोण हा काळा म्हातारा, नुसता बसून राहिलाय? एक बाई कुत्रं घेऊन दोनदा माझ्या गाडीजवळून गेली.  आयुष्यभर मी लोकांकडे तसा बघत आलो, पण माझ्याकडे कुणी बघितलं नव्हतं."

"मग?"

"मग पोलीस आला. मी दोन्ही परवाने पुढं केले. सगळं चोख. त्यानं उलटसुलट बघितलं. म्हणाला, कागद ठीक आहेत, पण तुम्ही इथं काय करताय? आता याचा परवाना कुठून आणू? मी म्हटलं, त्या घरात माझी मुलगी राहते. तो म्हणाला, मग आत का जात नाही? मी काय सांगणार! तो माझे परवाने हातात घेऊन सरळ तिच्या दाराकडे निघाला. मला निघूनही जाता येईना."

अण्णांचा आवाज खाली आला होता.

"सुधा बाहेर आली. वाळलीय जरा. पोलिसानं माझ्याकडे बोट केलं, परवान्यावरचा फोटो तिच्यापुढं धरला. या माणसाला ओळखता का, विचारत असणार. मी चाकाला धरून बसलो होतो. वाटलं, नाही म्हणाली तर हरकत नाही. तिचा हक्क आहे. पण तिनं फोटो बघितलाच नाही हो. लांबूनच माझ्याकडे बघितलं आणि अनवाणीच रस्ता ओलांडून आली. काच खाली करायची ते मला सुचेना. तीच बाहेरून काचेवर टकटक करत होती. आणि म्हणाली काय, तर, 'अण्णा, गाडी कधी शिकलात?'"

 कुणाची तरी म्हैस फाटकाशी येऊन उभी राहिली होती. तिला हाकलायला कुणी उठलं नाही.

"आणि जावई?" मी शेवटी विचारलं.

"आहे. उंच आहे. फार बोलत नाही. दुसऱ्या दिवशी भाड्याची गाडी परत द्यायची होती. पुढं मी, मागं तो आपली गाडी घेऊन, असे गेलो. येताना मग त्याच्याच गाडीत बसलो. लांबचा रस्ता होता, पावसाची झिमझिम."

"कशी चालवतो?"

अण्णा उठले, पायात चपला सरकवल्या.

"कोण जाणे," ते म्हणाले. "मला झोप लागली."