दिघेकाका आणि पिवळी वेल

दिघेकाका मला पहिल्यांदा भेटले ते माझ्याच अंगणात, आणि मी त्यांना बोलावलेलं नव्हतं. सकाळची सहाची वेळ. तोंडात ब्रश धरून मी दार उघडलं, तर बनियन आणि गुडघ्यापर्यंतची खाकी चड्डी घातलेला एक म्हातारा फाटकाशी उकिडवा बसून खुरप्यानं माझी फुललेली वेल उपटत होता. नाशिकहून बदली होऊन आम्हाला इंदूरला येऊन जेमतेम आठवडा झाला होता. भाड्याच्या त्या घरात मला आवडलेली एकमेव गोष्ट म्हणजे ती वेल. गर्द हिरवी, पिवळ्या फुलांची, कुणी पाणी घालत नसताना जमिनीभर पसरलेली.

"अहो, काय चाललंय?" मी फेस गिळून ओरडलो.

त्यांनी वर न बघताच इंदुरी थाटात 'भैया'चा 'भिया' केला. "भिया, इसका गेट पास दाखवा."

"कसला गेट पास?"

"तेच तर मी विचारतोय. बिना गेट पास माल अंदर आला कसा?"

उपटलेली वेल त्यांनी गोणीत कोंबली, गोणीचं तोंड सुतळीनं आवळलं आणि चालते झाले. जाताना फाटकही लावलं नाही. वेल गेल्याचा राग होताच, पण दुसऱ्याचं फाटक उघडं टाकून जाणाऱ्या माणसाचा मला त्याहून जास्त राग येतो.

चौकशी केल्यावर कळलं की हा प्रसाद कॉलनीतल्या प्रत्येक घराला मिळालेला आहे. दिघेकाकांनी पोलोग्राउंडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात जन्मभर स्टोअर सांभाळलं. त्यांच्या सहीशिवाय तिथं एक वॉशर आत आला नाही की बाहेर गेला नाही. निवृत्त झाल्यावर स्टोअर सुटलं, संशय सुटला नाही. मग त्यांनी सगळी कॉलनीच ताब्यात घेतली आणि परदेशातून आलेल्या झाडांची झडती सुरू केली. गाजरगवत दिसलं की ते रस्त्यात स्कूटर थांबवून शिव्या देत. घाणेरीला तर ते "गोऱ्या साहेबाची लाडकी" म्हणत, कारण साहेबानं ती बंगल्याच्या शोभेसाठी आणली आणि ती कुंपण ओलांडून जंगलात शिरली.

एकदा कॉलनीत वास्तुशांत होती. यजमानांनी दारातल्या पितळी घंगाळात हौसेनं जलपर्णी सोडली होती, जांभळ्या तुऱ्यांची. काकांनी आल्या आल्या ती मुळांसकट उचलली आणि रिकाम्या पोत्याची मागणी केली. यजमानीणबाई रडवेल्या झाल्या. गुरुजी मंत्र थांबवून बघत राहिले. "तलाव खाऊन टाकते ही," काका गरजले, "आणि तुम्ही तिला दारात बसवून पूजा करता? हद है!" तेवढं बोलून ते पंगतीला बसले आणि श्रीखंड दोनदा मागून घेतलं.

मला खरी चीड यायची ती त्यांच्या तोऱ्याची. एका रविवारी पोहे खाताना मी त्यांना गाठलंच. "काका, या पोह्यातला बटाटा बाहेरचा. मिरची बाहेरची. त्यांना हाकला की."

ते शांतपणे चावत राहिले. "मिरची कधी दुसऱ्याच्या शेतात घुसून ज्वारी मारते का, भिया? लावली तिथं राहते बिचारी. बाहेरून येणं गुन्हा थोडीच आहे? आमचे पणजोबा होळकरांच्या कचेरीत कारकून म्हणून आले, तुम्ही बदली होऊन आलात. आलात ना? राहा. दुसऱ्याला पण राहू द्या. बस, इतनी सी बात."

"मग ही वेलच एवढी का माजते?"

"कारण तिला खाणारे किडे तिच्या गावात राहिले. इकडे आली एकटी. सासू नाही, नणंद नाही, कोणी टोकणारं नाही. पसरणार नाही तर काय करणार?"

सगळ्यात जास्त दात त्यांचा या पिवळ्या वेलीवर होता. नर्सरीवाले तिला वेडेलिया म्हणतात. तिला बी लागायचीही गरज नाही. जमिनीवर सरपटणाऱ्या खोडाची प्रत्येक गाठ मातीला टेकली की तिथं मूळ धरते, आणि तुटका तुकडा फेकाल तिथं नवी वेल उभी राहते. म्हणून काका उपटलेली वेल कचरागाडीत टाकत नसत. आपल्या गच्चीवर पत्रा अंथरून पापडासारखी वाळवत आणि कुरकुरीत झाली की जाळत. स्वच्छतेत अख्ख्या देशात नाव काढलेल्या शहरात गच्चीवर धूर करणारा म्हातारा! तक्रारी व्हायच्या. काका तक्रार करणाऱ्याच्याच अंगणात दुसऱ्या दिवशी सकाळी हजर.

आणि मग कॉलनीच्या अध्यक्षजींनी अक्कल पाजळली. बगीच्यातल्या हिरवळीत ती वेल शिरली, तेव्हा त्यांनी गवत कापायचं यंत्र आणून तिच्यावरून फिरवलं. काका फाटकातून ओरडत होते, "अरे रोको! कापू नका, वाटणी होईल तिची!" अध्यक्षजींनी हसून हात जोडले आणि यंत्र चालूच ठेवलं. बारीक बारीक तुकडे सगळ्या बगीच्यात उडाले. दोन महिन्यांत बगीचा पिवळाधमक झाला. लोक तिथं उभं राहून फोटो काढून घेऊ लागले. मूर्खपणाला फूल आलं की माणसं त्याचंही कौतुक करतात.

कौतुक संपलं ते गणपतीच्या आदल्या दिवशी. बगीच्याच्या कोपऱ्यात, नळाजवळ, दुर्वांचा एक पट्टा होता. इथल्या सगळ्या मराठी घरांच्या गणपतीला दुर्वा तिथूनच जायच्या. बायका ताटल्या घेऊन खुडायला गेल्या, तर तिथं एक काडी शिल्लक नव्हती. वेलीनं सगळं गिळलं होतं. माझी बायको सुषमा रिकामी ताटली घेऊन परत आली आणि काहीही कारण नसताना माझ्यावर भडकली. बाजारातून आणलेल्या दुर्वा निम्म्या पिवळ्या निघाल्या.

स्थापनेच्या संध्याकाळी आरतीनंतर मंडपातच सभा भरली. हातात प्रसादाची खिरापत, आणि सगळेच संतापलेले. अध्यक्षजी यंत्राबद्दल चकार शब्द न काढता म्हणाले, "पहले ये बताओ, ये बला कॉलनी में लाया कौन?"

"हो, कोणी आणली? समजायला तर पाहिजे!" चारी बाजूंनी आवाज उठले. "ज्यानं आणली त्यानं सगळ्यांसमोर माफी मागावी!"

मागच्या खुर्चीवरून दिघेकाका उठले. "मी आणली," ते म्हणाले.

क्षणभर कुणाला कळेचना. मग जो भडका उडाला! रोज सकाळी लोकांच्या घरात घुसणारा, दारातलं झाड उपटून वर गेट पास मागणारा हा माणूस, आणि वेल यानंच आणली? कुणी ढोंगी म्हणालं, कुणी सरळ चोर म्हणालं. वास्तुशांतवाल्या बाई तर बोलायच्या थांबेनात. एरवी एका शब्दाला चार शब्द परत करणारे काका खाली मान घालून उभे होते. शेवटी "सॉरी, भिया. सबको सॉरी," म्हणाले आणि खिरापत न घेता निघून गेले.

मीही तावातावानंच घरी निघालो होतो. फाटकाशी शेजारच्या नलूताईंनी मला थांबवलं. सत्तरी उलटलेल्या, कॉलनीतल्या पहिल्या रहिवाशांपैकी.

"साफ खोटं बोलला तो. शोभानं आणली होती. त्याच्या बायकोनं."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दर वर्षी तेच ते प्लास्टिकचे डबे वाण म्हणून लुटायचे, याचा शोभाताईंना कंटाळा आला होता. शहराबाहेर, बेटमा गावाच्या रस्त्यावरच्या एका नर्सरीत त्यांना ही वेल दिसली. त्यांनी चहाच्या कुल्हडांत, मातीच्या त्या छोट्या पेल्यांत, एकेक फांदी लावली आणि आलेल्या प्रत्येक बाईच्या हातात एकेक कुल्हड दिलं. काय सुंदर वाण, म्हणून सगळ्या हरखल्या. घरोघरी फाटकाशी वेल लागली. पुढची संक्रांत शोभाताईंनी बघितली नाही.

"मी माझ्या या हातांनी घेतलंय ते कुल्हड," नलूताई म्हणाल्या. "आज मंडपात अर्ध्या बाया अशा होत्या, ज्यांनी ते घेतलं. काही विसरल्या असतील, काही गप्प बसल्या."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"बोलणार होते. पण उठतानाच त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी होते तिथंच बसून राहिले."

त्या रात्री मला कुणाचा राग आला नाही ते सांगणं सोपं पडेल. अध्यक्षजींचा आला, त्या गप्प बसलेल्या बायकांचा आला, आणि सगळ्यात जास्त काकांचा आला. स्वतःला असं कुणी लोकांपुढं टाकतं का?

सकाळी मी बगीच्यात गेलो. काका नळाजवळ वेल काढत बसले होते. मीही बसलो आणि हाताला आली ती ओढायला लागलो.

"खेचू नका. गाठ जमिनीत राहते," ते म्हणाले. "खालून उचला."

"काका, नलूताईंनी सांगितलं मला."

त्यांनी खुरपं मातीत खोचलं. "तिच्या पोटात काही राहतच नाही. पहिल्यापासून."

"कशाला एवढं ऐकून घेतलंत?"

"तर काय करू? गणपतीसमोर बसून सगळ्यांनी शोभाला शिव्या द्यायच्या? मेरेको तो आदत आहे." त्यांनी एक गाठ मोकळी केली आणि गोणीत टाकली. "आणि पूरा झूठ पण नाही ते. कुल्हडात मिट्टी मीच भरली, फांद्या मीच खोचल्या. ती नुसती बाजूला बसून हे कोणाला, ते कोणाला, सांगत होती. तिला चांगली चीज एकटीनं ठेवता यायची नाही, भिया. लोणचं घातलं तर घरात कमी, मोहल्ल्यात जास्त. फूल आवडलं, वाटून टाकलं. तिला काय ठाऊक."

आम्ही वेल काढत पुढं सरकत होतो. वेलीखाली एके ठिकाणी दुर्वांचे चार पांढरट कोंब दिसले. काकांनी त्यांच्याभोवतीची माती बोटांनी मोकळी केली.

"होईल का हो सगळी साफ?" मी विचारलं.

"होईल की. रोज एकेका घरी जातो. ज्या ज्या घरी तिनं दिली, तिथं तिथं." मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "सगळी निघाल्यावर मात्र कोणाकडे जायचं, ते काही ठरवलेलं नाही."

"आमच्या मोरीमागं परत फुटलीय थोडी," मी म्हणालो.

"हो का? मग उद्या येतो."

"या. सुषमाला चहा ठेवायला सांगतो."

खरं तर ती फूट मी त्याच दिवशी स्वतः काढून टाकणार होतो. काढली नाही.