सात वर्षं शिळी सही

सगळे ज्यांना 'गाशे', म्हणजे काका म्हणत, त्या तेलाहुन यांच्या निरोपासाठी कॉफी भाजली जात होती आणि त्यांच्या जागी नेमलेला प्रोग्रॅम काही केल्या कामावर रुजू होत नव्हता.

अदिस अबाबातल्या त्या परदेशी बियाणे कंपनीत तेलाहुन नऊ वर्षं रोज सकाळी नाव आणि पासवर्ड टाकून पावसाचा अंदाज उतरवून घ्यायचे. आता माणसाच्या लॉगिनची गरजच नव्हती. तरुण प्रोग्रॅमर बेझाविटचा कोड गुप्त डिजिटल किल्लीनं प्रत्येक मागणीवर तारीख-वेळेसकट स्वतःच सही करणार होता. तेलाहुनना मनातून वाटे, सही करायला निदान हात तरी हवा.

"सर्व्हरनं पुन्हा नाकारलं!" बेझाविट ओरडली. "म्हणे, मागणी सात वर्षं आठ महिने जुनी आहे!"

तेलाहुन हळवे झाले. "तेव्हा या खिडकीतून एन्टोटोचा डोंगर दिसायचा गं. माझी बायको अल्माझ होती तेव्हा. दुपारी फोन करायची, शिरोचं कालवण संपवलंत का म्हणून."

"गाशे, रडू नका. मी किल्ली तपासतेय."

किल्ली ठीक होती. मग तिचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यात गेलं.

"ही तारीख कुणी बदलली?"

"मी. पहिल्याच दिवशी. बिचारा संगणक परकी तारीख दाखवायचा, आपल्या इथिओपियाच्या कॅलेंडरची घालून दिली."

"आणि नऊ वर्षं चाललं?"

"पासवर्डानं कधी तारीख विचारली नाही, बाई."

"अहो, बाहेरचं जग आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं पुढं आहे! सर्व्हरला वाटतंय, कुणीतरी जुनी चिठ्ठी चोरून परत पाठवतंय."

तिनं तारीख बदलली. अंदाज धाडकन आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. स्वतःच्याच अंत्ययात्रेला आल्यासारखे तेलाहुनही हळूच टाळ्या वाजवत राहिले.

पहिला घोट घेऊन ते म्हणाले, "मग माझं जन्मसाल?"

"नोकरीच्या अर्जात कुठलं लिहिलंत?"

"आपलंच. शेजाऱ्यांचं लिहू?"

बेझाविटनं बोटांवर हिशेब केला. "गाशे, कचेरीनं ते बाहेरचं साल धरलं! तुम्ही साठ नाही, बावन्न वर्षांचे आहात!"

"ते मला ठाऊक आहे."

"मग निवृत्तीचं पत्र आलं तेव्हा गप्प का बसलात?"

"वाटलं, संगणक आले की सगळंच लवकर होतं."

मुख्य कचेरीनं चूक मान्य करून त्यांची आठ वर्षं परत केली. काम मात्र प्रोग्रॅमनं नेलं होतं. तेव्हा त्यांना नवं नेमून दिलं: संगणकाची तारीख कुणी बदलत नाही ना, हे बघत बसायचं.

पहिल्या सकाळी ते त्या परक्या आकड्यांकडे बराच वेळ बघत राहिले. मग कागदाच्या कपट्यावर आपली तारीख लिहून त्यांनी ती पडद्याच्या कोपऱ्यावर चिकटवली.